डीपीएफचा लाइट लागला की गाडी जरा पळवा

मागच्या अंकात डिझेल गाडीच्या सर्व्हिसिंगवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर जे मेसेज आले ते बहुतेक एकाच वस्तूबद्दल. डीपीएफ, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, धुरातली काजळी पकडणारा डबा. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, लागू झाले, तेव्हापासून नवीन डिझेल गाडीत हा डबा असतोच म्हणा ना, आणि लोकांना तो कळतो तो एकदम डॅशबोर्डवर लाइट लागल्यावरच. म्हणून यावेळचं सदर पूर्ण त्याच्यावर.

परळहून एक वाचक: २०२१ ची डिझेल एसयूव्ही आहे. ऑफिस लोअर परळला, मुलीची शाळा दादरला, दिवसाला मोजून ८-९ किलोमीटर गाडी चालते. ६ महिन्यांत तिसऱ्यांदा डीपीएफचा लाइट लागलाय. दर वेळी सर्व्हिस सेंटरला नेऊन फोर्स्ड रिजन, म्हणजे मशीन लावून आतली काजळी जाळणं, करून आणतो, पैसे जातात आणि गाडी दिवसभर अडकते ते वेगळंच. गाडीत मुळातच फॉल्ट आहे का?

दादा, तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तरी गाडी ठीक वाटते, रोजचा रस्ता तिच्या सोयीचा नाहीये. कसं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं पटेल.

इंजिनच्या जवळ सायलेन्सरच्या लाइनमध्ये एक स्टीलचा डबा असतो, त्याच्या आत सिरॅमिकची एक वीट, आणि त्या विटेत हजारो बारीक चौकोनी नळ्या, मधाच्या पोळ्यासारख्या. गंमत अशी की एका नळीचं मागचं तोंड बुजवलेलं असतं आणि शेजारच्या नळीचं पुढचं. धूर एका नळीत शिरतो, पुढे वाट बंद, मग त्याला नळीच्या भिंतीतल्या बारीक बारीक छिद्रांतून झिरपून शेजारच्या नळीत जावं लागतं. आपण घरी दही फडक्यात बांधून चक्का टांगतो ना, पाणी खाली गळतं आणि चक्का फडक्यात राहतो, तसंच. वायू बाहेर जातो, काजळी भिंतीवर राहते. चांगल्या अवस्थेतला फिल्टर ९५ टक्क्यांहून जास्त काजळी पकडतो.

आता चक्का आपण सोडवून घेतो, इथे फडकं सोडायला कोणी येत नाही, त्यामुळे साठलेली काजळी आतल्या आत जाळून टाकावी लागते. तिला म्हणायचं रिजनरेशन, गॅरेजच्या भाषेत रिजन. ते दोन तऱ्हेने होतं. गाडी हायवेला छान एकसारखी चालली की धूरच इतका गरम असतो, साधारण २५० ते ४०० डिग्री, की फिल्टरच्या आधी बसवलेल्या कॅटॅलिस्टमध्ये (धुरावर रासायनिक क्रिया घडवणारा भाग) तयार होणारा नायट्रोजन डायऑक्साइड हळूहळू काजळी खाऊन टाकतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. पण शहरात धूर तेवढा तापत नाही. मग काजळी वाढली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्वतः ठरवतो, इंजेक्टरमधून थोडं डिझेल मुद्दाम उशिरा सोडतो, ते कॅटॅलिस्टमध्ये पेटतं आणि फिल्टर ६०० डिग्रीच्या आसपास तापवून काजळी जाळतो. याला लागतात साधारण १० ते २५ मिनिटं, आणि तेवढा वेळ गाडी चालती हवी.

तुमची गाडी सकाळी थंड सुरू होते, इंजिन नीट गरम व्हायच्या आत दादर येतं. शाळेच्या गेटबाहेर एसी लावून १५ मिनिटं उभी, उभ्या इंजिनात काजळी तयार होतच असते, तापमान मात्र वाढत नाही. मग समजा हिंदमाताजवळ इंजिन एकदाचं गरम झालं, रिजन सुरू झालं, आणि ५ मिनिटांत तुम्ही ऑफिसच्या पार्किंगमध्ये चावी बंद केली. अर्धवट राहिलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. असं आठ-दहा वेळा झालं की ईसीयू हात टेकतो आणि लाइट लावतो.

तर काय करायचं, आठवड्यातून एकदा, फार तर १० दिवसांतून एकदा, भल्या सकाळी गाडी काढा. पी. डिमेलो रोडवरून ईस्टर्न फ्रीवेला लागा, चेंबूरकडे जा आणि परत या. फ्रीवे जवळजवळ १७ किलोमीटरचा आहे, सिग्नल नाही, टोल नाही. ६०-७० चा स्पीड धरा, गिअर एक खालचा ठेवा म्हणजे आरपीएम २००० च्या खाली येणार नाही, आणि मध्ये मध्ये ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर, ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर असं करू नका, एकसारखी चालवा. अटल सेतूही आहे शिवडीला तुमच्या जवळच, २१.८ किलोमीटर सरळ, पण एका बाजूचे २५० रुपये टोल, कशाला, फ्रीवेवर काम होतं. एक गोष्ट मात्र बघून निघा, टाकीत पाव टाकीपेक्षा जास्त डिझेल हवं, काटा रिझर्व्हला असला तर बऱ्याच गाड्या रिजन सुरूच करत नाहीत. मुलीलाही घेऊन जा, सकाळी सहा-साडेसहाला फ्रीवेवरून शिवडीच्या खाडीची बाजू फार सुंदर दिसते, हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात तिकडे.

हे दीड-दोन महिने नेमाने करून बघा. तरीही लाइट परत आला तर मग फॉल्ट शोधायचा, ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), इंजेक्टर, सेन्सर, हे सगळं. त्याच्या आधी चौथ्यांदा फोर्स्ड रिजनचे पैसे देऊ नका.

मालाडहून एक ताई: गाडी पार्क करून बंद केली तरी पंखा जोरजोरात चालू होता आणि खालून करपल्यासारखा वास येत होता. वॉचमन धावत आला, म्हणाला ताई गाडी पेटेल. इंजिन ओव्हरहीट झालं का?

बहुतेक नाही. तापमानाचा काटा जागेवर होता ना, मग रिजन चालू असताना तुम्ही गाडी बंद केलीत एवढंच. त्या वेळी आयडलिंगचा आरपीएम नेहमीच्या ७५०-८०० वरून हजारच्या आसपास चढतो, ऑटो स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, अ‍ॅव्हरेज पडतो, आवाज जरा जाड येतो, अशी लक्षणं ओळखून ठेवा. दिसली आणि वेळ असला तर गाडी आणखी १०-१५ मिनिटं फिरवून आणा. नसला तर बंद करा, एका वेळेने काही बिघडत नाही, रोज रोज झालं तर बिघडतं.

वॉचमनचं मात्र एका बाबतीत बरोबर आहे. रिजनच्या वेळी गाडीखाली भयंकर उष्णता असते, तेव्हा सुक्या गवतावर, पालापाचोळ्याच्या ढिगावर गाडी उभी करू नका. आणि सायलेन्सरच्या तोंडाजवळ लहान मुलं खेळत नाहीत ना ते बघा.

भायखळ्याहून एक टेम्पोमालक: बीएस ६ पिकअप आहे, रोज पहाटे वाशी मार्केटहून भाजी भरून भायखळ्याला आणतो. दर ८ दिवसांनी डीपीएफ चोक, गाडीचा जोर जातो, ४० च्या वर पळत नाही. एका गॅरेजवाल्याने सांगितलं डीपीएफ पोकळ करून टाकतो आणि सॉफ्टवेअर मारून देतो, परत कधी लाइट लागणार नाही. करू का?

करू नका. हात जोडून सांगतो, करू नका.

आधी धंद्याचं बोलू, कारण तुमचं पोट त्याच्यावर आहे. वरच्या परळवाल्या दादांचा आणि तुमचा प्रॉब्लेम एकदम उलटा आहे. त्यांची गाडी तापतच नाही म्हणून फिल्टर भरतो. तुमची गाडी पहाटे, लोड भरून, सायन-पनवेल हायवेने, मोकळ्या रस्त्याला २०-२५ किलोमीटर येते. फिल्टर साफ व्हायला याच्यापेक्षा चांगला रस्ता मुंबईत मिळणार नाही! अशा रूटवर ८ दिवसांत फिल्टर भरतोय याचा अर्थ इंजिन गरजेपेक्षा कितीतरी जास्त काजळी सोडतंय नाहीतर सेन्सर खोटं सांगतोय. एखादा इंजेक्टर गळत असेल, ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडाच अडकला असेल, टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) सीलमधून ऑइल जात असेल, टर्बोपासून इंजिनला जाणारा रबरी पाइप फाटला असेल. आणि एक साधी गोष्ट, फिल्टरच्या आधी आणि नंतर अशा दोन बारीक नळ्या एका प्रेशर सेन्सरला जातात, तो सेन्सर दोन्हीकडच्या दाबातला फरक बघून फिल्टर किती भरला ते ईसीयूला सांगतो. त्यातली एक नळी तडकली, चोक झाली की सगळा हिशोब चुकतो. माझ्याकडे एक टेम्पो आला होता, मालकाला दुसरीकडे नवीन फिल्टर घालायला सांगितलं होतं, लाखाच्या घरातला खर्च. मी खाली शिरलो तर ती नळी क्लिपमधून सुटून गरम पाइपवर टेकली होती आणि वितळून तिला शेंगदाण्याएवढं भोक पडलं होतं. नळी बदलली, गाडी पुण्याला जाऊन आली, लाइट गेला. ते भोक अजून डोळ्यासमोर आहे माझ्या, त्या माणसाने फिल्टरसाठी कर्ज काढायची तयारी केली होती.

म्हणजे फिल्टर काढून तुम्ही फक्त निरोप आणणाऱ्याला घरातून हाकलताय, गळका इंजेक्टर आत तसाच राहणार आणि उद्या पिस्टनला भोक पाडणार, तो खर्च इंजिनचा असेल.

दुसरं, कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा फेरफार करता येत नाही, आणि प्रदूषणाच्या कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पीयूसी निघतं की, असं तो गॅरेजवाला सांगेल. निघेलही एखाद्या वेळी, कारण पीयूसीच्या मशीनवर धुराचा काळेपणा मोजतात आणि सगळ्यात घातक कण इतके बारीक असतात की ते डोळ्यालाच काय, त्या मशीनलाही धड दिसत नाहीत.

आणि तिसरं, जे मला मनापासून सांगायचंय. माझं गॅरेज हायवेला लागून आहे, वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. आई रोज सकाळी खिडकीचा कठडा ओल्या फडक्याने पुसते, फडकं पांढरं घेते, पुसून झालं की ते तव्याच्या बुडासारखं काळं असतं, २४ तासांत एवढं. कठड्यावर पडतं ते निदान दिसतं, त्याच्यापेक्षा बारीक असतं ते श्वासातून थेट फुप्फुसात. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर काम करणारी संस्था आयएआरसी, तिने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कॅन्सर करणारा, याबद्दल शंका नाही. तंबाखू ज्या गटात आहे त्याच गटात. तुमचा टेम्पो पहाटे मार्केटमध्ये तासभर उभा राहतो, तिथे हमाल, भाजीवाल्या मावशी, त्यांची मांडीवरची पोरं, सगळी त्या सायलेन्सरच्या उंचीला बसलेली असतात. तो डबा त्यांच्यासाठी आहे हो.

तर स्कॅनर असलेल्या चांगल्या मेकॅनिककडे जा आणि त्याला "डीपीएफ साफ कर" असं न म्हणता "काजळी जास्त का होतेय ते शोध" असं सांगा. तुमच्या पिकअपला उभ्या गाडीत रिजन करायचं बटण असेल तर ते वाशी मार्केटच्या आत कधीही दाबू नका, तिथे भुसा, कागद, गोणपाट पडलेलं असतं, मोकळ्या डांबरावर गाडी घ्या आणि मग दाबा. लाइट लागल्यावरही दामटत राहू नका. काजळी एका मर्यादेच्या वर गेली की ईसीयू रिजन करायलाच नकार देतो, आणि ते बरोबरच आहे, कारण एवढी काजळी एकदम पेटली तर तापमान हजार डिग्रीच्या वर जाऊन सिरॅमिक तडकतं, वितळतं. मग फिल्टर उतरवून मशीनवर साफ करून घ्यावा लागतो. तिथेही सांभाळून, गाडी धुवायच्या प्रेशर पंपाने नाहीतर अ‍ॅसिड ओतून "साफ" करून देणारे बरेच आहेत, त्याने आतलं कॅटॅलिस्टचं कोटिंग जातं आणि नळ्या फुटतात.

बोरिवलीहून एक वाचक: दोन महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंग केलं, तेव्हा ऑइल डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये होतं. आता बघतो तर वरच्या खुणेच्याही वर. ऑइल वाढतं कसं?

ऑइल वाढलेलं नाही, त्यात डिझेल मिसळलंय. रिजनसाठी इंजेक्टर उशिरा जे डिझेल सोडतो, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. रिजन पूर्ण झालं, मग गाडी जरा चालली तर ते बरंचसं उडून जातं. पण दर वेळी अर्धवट सोडलं की थेंबे थेंबे साचत राहतं.

पट्टी बाहेर काढा, पुसू नका, आधी वास घ्या. पंपावर येतो तसा वास आला की समजायचं. मग एक थेंब बोटावर घेऊन चोळा, चांगलं ऑइल बोटात चिकट, जाडसर लागतं, हे पाण्यासारखं सुटेल. टिश्यू पेपरवर एक थेंब टाकून ठेवलात तर काळ्या डागाभोवती फिकट तेलकट कडं पसरत जाताना दिसेल.

ऑइल लगेच बदला, किलोमीटर भरायची वाट बघू नका. पातळ ऑइलने टर्बोचं आणि क्रँकचं बेअरिंग जातं. आणि पातळी फारच वर गेली तर इंजिन ते ऑइलच हवेच्या वाटेने ओढून जाळायला लागतं, मग चावी बंद केली तरी इंजिन थांबत नाही, आरपीएम वाढतच जातो. क्वचित होतं, पण होतं.

बदलताना ऑइल कमी राखेचंच घ्या, डब्यावर एसीईए सी २ किंवा सी ३ असं काहीतरी लिहिलेलं असतं, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे दिलंय तेच. त्याचं कारण असं की काजळी जळते, राख जळत नाही. इंजिन थोडंफार ऑइल खातंच, त्या ऑइलमधल्या कॅल्शियम, झिंकची राख होऊन ती फिल्टरमध्ये कायमची बसते, हजार वेळा रिजन करा, जाणार नाही. फिल्टरचं आयुष्य शेवटी ती राखच ठरवते. चांगलं ऑइल घातलं तर दीड-दोन लाख किलोमीटर आरामात जातात, स्वस्त म्हणून ट्रकचं जुन्या ग्रेडचं ऑइल घातलं तर त्याच्या अर्ध्यात दम निघतो. २००-३०० रुपये वाचवून हे करू नका.

घाटकोपरहून एक वाचक: अ‍ॅडब्लू टाकलं की डीपीएफ साफ होतो का?

नाही, ते वेगळं. अ‍ॅडब्लू म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं पाणी, ते एससीआर नावाच्या दुसऱ्या यंत्रणेसाठी, तिचं काम नायट्रोजनचे विषारी वायू कमी करणं. काही गाड्यांना लागतं, काहींना नाही. त्याची टाकी वेगळी आणि झाकण बहुतेक निळं. चुकून डिझेलच्या टाकीत पडलं तर चावीसुद्धा फिरवू नका, गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करून घ्या, नाहीतर पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळं जाईल.

मुलुंडहून एक निवृत्त काका: सेकंडहँड डिझेल गाडी बघतोय, २०२० नंतरची. मुंबईत फारशी चालवणार नाही, महिन्यातून दोनदा साताऱ्याला गावी जाणं असतं. डीपीएफचं ऐकून घरचे नको म्हणतात. घेऊ का?

काका, बिनधास्त घ्या. तुमचा वापर म्हणजे या फिल्टरला हवा तसाच, एक्सप्रेसवेला लागलात की खोपोलीपर्यंत फिल्टर आपोआप साफ. उलट कोणी मला म्हणालं की गाडी रोज माटुंगा ते दादर एवढीच चालणार, तर त्याला मी पेट्रोल नाहीतर सीएनजीच घ्यायला सांगतो, कितीही डिझेलचा शौक असू दे.

फक्त बघून घ्या. विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका, थंड पाहिजे. पोचलात की पहिलं काम, थंड सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवा. फिल्टर धड असेल तर बोट स्वच्छ येतं, फार तर धुळीचा तांबूस पट्टा. काजळ लावल्यासारखं काळं आलं तर फिल्टर आतून फुटलाय नाहीतर काढून टाकलाय, किंमत कितीही कमी सांगू दे, सोडा. मग चावी ऑनला करा, इंजिन सुरू न करता, इशाऱ्याचे सगळे लाइट क्षणभर लागून विझले पाहिजेत, चेक इंजिनचा लाइट लागतच नसेल तर कोणीतरी हात मारलाय. डिपस्टिकचं वर सांगितलंच.

शेवटी ओळखीच्या मेकॅनिकला स्कॅनर घेऊन सोबत न्या, त्याचे हजार-पाचशे द्या, आनंदाने द्या. स्कॅनरवर फिल्टरमध्ये किती ग्रॅम काजळी आहे, मागचं रिजन किती किलोमीटरमागे झालं आणि दोन रिजनमध्ये साधारण किती अंतर पडतं ते बऱ्याच गाड्यांत दिसतं. हे अंतर ३००-४०० किलोमीटर किंवा जास्त असेल तर उत्तम. ८०-१०० वर आलं असेल तर फिल्टर राखेने भरत आलाय किंवा इंजिनात काहीतरी गडबड आहे, नवीन फिल्टरची किंमत त्या मॉडेलची विचारून घ्या आणि तेवढे पैसे कमी करायला सांगा. आणि स्कॅनर लावू देणार नाही असं म्हणाला, तर चहा घेऊन परत या, गाड्या खूप आहेत बाजारात.